कधीतरी लागणारं सामान

बिल्डरने आम्हाला रो-हाऊसचा नकाशा दाखवला तेव्हा त्यात जिन्याच्या बाजूला एक चौकोन होता आणि त्या चौकोनात एक मोटार काढलेली होती. ती बरीच अंग चोरून बसली होती, पण फुकटात काढून दिलेल्या मोटारीचं माप कोण बघतो? मी शाळेत गणित शिकवतो. घनफळ हा माझा आवडता धडा आहे, आणि तो शिकवताना मी वर्गाला दरवर्षी सांगतो की आधी मोजा, मग बोला. स्वतः मात्र मी आधी सही केली आणि राहायला आल्यावर मोजलं. नऊ फूट रुंद, सोळा फूट लांब. जळगावात एवढ्या जागेला गॅरेज म्हणतात.

पुढची बारा वर्षं त्या गॅरेजमध्ये चाकांची एकच वस्तू होती, ती म्हणजे मुलीची तीनचाकी सायकल. मुलगी आता पुण्यात इंजिनिअरिंगला आहे, पण सायकल ठेवली आहे, कारण ‘लागेल कधीतरी’. तिच्यासोबत एक बंद मिक्सर, एक चालू पण आवाज करणारा मिक्सर, उरलेल्या फरशा, बाटलीच्या तळाशी वाळलेला रंग, घरी आलेल्या प्रत्येक वस्तूचं खोकं, आणि ज्याचं झाकण हरवलंय अशा डब्यांचं एक मोठं कुटुंब होतं. झाकणंही होती. ती दुसऱ्या डब्यांची होती. शटर उघडलं की आतलं सामान आमच्याकडे बघायचं आणि आम्ही शटर खाली ओढायचो.

मग आम्ही गाडी घ्यायचं ठरवलं. आता नीट ऐका, गाडी आबांसाठी घ्यायची होती. आबा म्हणजे माझे वडील. धुळ्याला जन्मभर पत्र्याचं काम केलं त्यांनी. पेट्या, धान्याच्या कोठ्या आणि उन्हाळ्यात कुलर. आई गेल्यावर ते तिथंच भाड्याच्या घरात एकटे राहत होते आणि एप्रिलमध्ये घरमालकाला ते घर हवं झालं. गुडघा धरल्यामुळे एस्टीची पायरी त्यांना चढवत नव्हती. तेव्हा मी चारचौघांत जाहीर केलं की आता आबा कायमचे आमच्याकडे राहणार आणि त्यांच्यासाठी आपण गाडी घेणार. शाळेच्या स्टाफरूममध्ये हे वाक्य मी तीन वेळा म्हटलं आणि तिन्ही वेळा लोक गहिवरले. गाडी घेण्यासाठी यापेक्षा स्वस्त कारण मला मिळालं नसतं.

आबा टेम्पोत पुढच्या सीटवर बसून आले. मागे त्यांची पेटी होती आणि त्यांनी स्वतः बनवलेला एक लोखंडी कुलर होता. कुलर कसला, छोटी खोलीच. तीन फूट रुंद, माझ्या छातीएवढा उंच. पेटी हिरव्या रंगाची, कोपऱ्यांना पितळी पट्ट्या, तीही त्यांच्याच हातची. तिच्यात त्यांचे कपडे, दाढीचा डबा आणि पंच्यात गुंडाळलेला आईचा फोटो होता.

“आबा, कपडे काढून ठेवा की,” मी म्हणालो.

“राहू दे,” आबा म्हणाले. “पानी पडनं का मी जासू धुयाले.”

धुळ्याला त्यांच्या कामातल्या एका जुन्या जोडीदाराचं दुकान होतं आणि दुकानामागे एक खोली रिकामी होती. पाऊस पडला की तिकडे जाईन, असं त्यांचं म्हणणं. मी म्हणालो, जायचं कशाला, हे तुमचंच घर आहे. हे वाक्यही मला फार छान जमतं. आबा हसले आणि त्यांच्या धंद्यातली एक म्हण त्यांनी ऐकवली. “भरेल पेटी पाव्हनानी, रिकामी पेटी घरवालानी.” पाहुणा पेटी भरलेली ठेवतो, घरचा माणूस रिकामी करतो. मी मान डोलावली आणि पेटी कुठं ठेवायची याचा विचार करू लागलो. कपाटात जागा नव्हती. हॉलमध्ये पेटी बरी दिसत नाही, असं कोणीतरी म्हणालं. ते कोणीतरी मीच होतो. पेटी गॅरेजमध्ये गेली आणि आबा हॉलमधल्या दिवाणावर.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्यतृतीयेच्या, मुहूर्तावर गाडी आली. पेढे वाटले, नारळ फोडला, चाकाखाली लिंबं ठेवली, आणि मग लक्षात आलं की गाडी उभी कुठं करायची हे कोणी ठरवलेलंच नाही. वरातीमागून घोडं आमच्याकडे नवीन नाही. मे महिन्यातल्या जळगावात दुपारी बाहेर उभी राहिलेली गाडी म्हणजे चुलीवरचा तवा. स्टिअरिंग धरायला मी स्वयंपाकघरातलं फडकं नेत असे. चार दिवसांत ठरलं, गॅरेज मोकळं करायचं.

सुट्टी होती. मी मोबाइलवर परदेशी माणसांचे व्हिडिओ बघायला बसलो. ती माणसं फार गोड हसतात आणि आपल्या अख्ख्या हॉलएवढ्या गॅरेजला ‘छोटं’ म्हणतात. त्यांच्याकडे प्रत्येक पान्ह्याला भिंतीवर स्वतःची खुंटी असते. मला ते फारच पटलं. माझ्याकडे पान्हा एकच होता, पण खुंट्यांसाठी भिंती तीन होत्या. मी टेप, पेन्सिल आणि आलेखाची वही घेऊन गॅरेजमध्ये उतरलो.

आत जाऊन बघतो तर काय, गॅरेज अर्धं रिकामं! मला वाटायचं तितकं सामान नव्हतंच. मी हर्षभराने मोजलं. डाव्या भिंतीला सव्वा फुटाचा रॅक, उजव्या भिंतीला सव्वा फुटाचा रॅक, मागच्या भिंतीला फळ्या, छताला दोरी आणि कप्पी लावलेला माळा. मध्ये साडेसहा फूट उरले. गाडी साडेपाच फूट. दोन्ही बाजूंना सहा-सहा इंच. माझ्या हिशेबात कुठंही खोट नव्हती. हिशेबाबाहेर मात्र होती. ती मला तेव्हा दिसली नाही आणि गंमत म्हणजे, खानदेशात जन्म काढूनही दिसली नाही.

फॅब्रिकेशनवाल्याने अँगलचे रॅक ठोकून दिले. मी चार्टपेपरवर यादी केली. चाळीस वस्तू, चाळीस नंबर, तीन रंगांची स्केचपेनं. लाल म्हणजे रोज लागणारं, निळं म्हणजे हंगामी, हिरवं म्हणजे कधीतरी लागणारं. हिरवं सामान माळ्यावर, कप्पीने ओढून. सोळा नंबर तीनचाकी सायकल. सतरा नंबर आबांची पेटी. अठरा नंबर बंद मिक्सर. अक्षर माझं शाळेत नावाजलेलं आहे. तक्ता शटरशेजारी भिंतीवर चिकटवला आणि कॉलनीतल्या निम्म्या लोकांना बोलावून दाखवला.

गाडी आत गेली, अगदी अलगद. फक्त मी बाहेर येऊ शकेना. दार सहा इंच उघडायचं आणि रॅकला टेकायचं. मग एक पद्धत बसवली. गाडी आत नेली की मी सीट ओलांडून मागे जायचो, बायको बाहेरून डिकी उघडायची आणि मी डिकीतून उतरायचो. पन्नाशीचा माणूस डिकीतून बाहेर पडताना बघायला सुरुवातीला शेजारचे लोक चहा घेऊन ओट्यावर बसत. नंतर त्यांना सवय झाली.

दुसरी एक अडचण होती, ती मी बोलून दाखवली नाही. ‘कधीतरी लागणारं’ सतरा नंबरचं सामान रोज लागत होतं. सकाळी आबांची अंघोळ झाली की ते पंचा नेसून गॅरेजच्या दाराशी येऊन उभे राहत. मी कप्पी सोडायचो, पेटी डुलत डुलत खाली यायची, आबा त्यातून एक सदरा, एक धोतर काढत, कुलूप लावत आणि पेटी पुन्हा वर जायची. कप्पी किती सुरेख चालते, हे मी त्यांना रोज सांगायचो. आठवड्याभराने त्यांनी चार कपडे एका पिशवीत भरून ती हॉलच्या दारामागच्या खिळ्याला अडकवली. म्हणाले, तुला त्रास नको. मला हायसं वाटलं. खरंच वाटलं, आता लाजून काय उपयोग?

जूनमध्ये शाळा सुरू झाली, हवा बदलली, आणि एका रविवारी सकाळी आबांनी विचारलं, “कुलर कोठे ठेवाना शेतस, भाऊ?”

मी चहाचा कप खाली ठेवला. कुलर! घरात तीन कुलर होते. आमचे दोन प्लास्टिकचे आणि आबांचा तो लोखंडी. आमचे मार्चपासून आणि आबांचा ते आल्यापासून खिडक्यांच्या बाहेर स्टँडवर होते. गच्चीवर झोपायला नेलेल्या चार लोखंडी खाटा होत्या. कुरडयांचा चीक शिजवायला वर नेलेला गंज, म्हणजे मोठं पातेलं, होता, काठवट होती, वाळवणाच्या प्लास्टिकच्या शीटा होत्या, आणि आता भरलेले पापड-कुरडयांचे पत्र्याचे डबे होते. आमचं निम्मं घर उन्हाळ्यात खिडकीला आणि गच्चीला लटकलेलं असतं आणि पावसाळ्यात गॅरेजमध्ये येऊन बसतं. आणि मी, घनफळाचा मास्तर, त्या गॅरेजचं माप मे महिन्यात घेतलं होतं! थंड हवेच्या गावातला कोणी चुकला असता तर समजलं असतं. परदेशी व्हिडिओतल्या त्या हसऱ्या माणसाचं काय जातं, त्याला कुलर माहीतच नाही.

पुढचे आठ दिवस एक कुलर टीव्हीसमोर होता, एक जिन्यात, आणि लोखंडी कुलर आबांच्या दिवाणाला टेकून. खाटा पॅसेजमध्ये. गंज आणि डबे गॅरेजमध्ये, म्हणून गाडी पुन्हा बाहेर, चिखलात. बायको येता-जाता तक्त्याकडे बघायची. नवव्या दिवशी जेवताना मी तोडगा काढला.

“तो लोखंडी कुलर भंगारात देऊ,” मी म्हणालो. “जागा फार खातो. आणि आता लोखंडी कुलर वापरतो कोण?”

बायकोने माझ्याकडे बघितलं. मग आबांकडे बघितलं. आबा भाकरी मोडत होते.

“दी टाक, भाऊ,” ते म्हणाले. “तुनं घर शे.”

मी लगेच म्हणालो, तसं नाही हो आबा, तुमचंच घर आहे. दुसरी भाकरी त्यांनी घेतली नाही.

दुसऱ्या दिवशी मी संध्याकाळी शाळेतून आलो तर घरातला पसारा गायब होता. पॅसेजमधून सरळ चालता येत होतं, टीव्ही दिसत होता. मी गॅरेजकडे धावलो. शटर वर होतं. आबा पायरीवर बसून हात पुसत होते आणि माझे उजव्या बाजूचे रॅक उकलून, अँगलची मोळी बांधून कोपऱ्यात उभे केलेले होते. मागच्या फळ्याही काढल्या होत्या. तिथं मागच्या भिंतीला तीन कुलर शेजारी-शेजारी बसले होते, मागे खाटा उभ्या. बाकी सामान कुठं दिसत नव्हतं.

“बाकीचं कुठं गेलं?” मी विचारलं.

बायको म्हणाली, “कुलरमध्ये.”

कुलर म्हणजे पोकळ डबाच की. आबांनी बाजूच्या जाळ्या काढल्या होत्या, गवत उन्हात वाळवून पोत्यात भरलं होतं, पंप फडक्यात गुंडाळले होते. मग कुलरमध्ये गंज, गंजात काठवट, काठवटीवर डबे, मोठ्या डब्यात लहान डबे, आणि वरून जाळ्या पुन्हा लावून टाकलेल्या. पेट्या विकायला बाजाराला न्यायच्या तर आबा सात पेट्या एकीत एक घालून एकाच पेटीच्या जागेत नेत असत. मी लहानपणी हे शंभरदा बघितलं होतं. परीक्षेला मात्र आठवलं नाही. चाळीस नंबरांच्या तीन वस्तू झाल्या होत्या. गाडी आत लावून बघितली. दार सताड उघडलं आणि मी दोन पायांवर, माणसासारखा उतरलो.

“आबा, कमाल केली,” मी म्हणालो. तेवढ्यात मला फाटकापाशी हिरवी पेटी दिसली. वर त्यांची पिशवी ठेवलेली होती. “ही मावली नाही का?”

“मावाले तं बठ्ठं मावस, भाऊ,” आबा म्हणाले, मावायला काय, सगळंच मावतं. “हाई मीच बाहेर काढी ठेवी.” मग त्यांनी भिंतीवरच्या तक्त्याकडे बोट दाखवलं. आबांचं शिक्षण चौथीपर्यंत, पण माझं अक्षर सुवाच्य आहे. “मना नंबर सतरा शे ना? हिरवा रंगना.”

मी म्हणालो, तो नंबर पेटीचा आहे. आबा म्हणाले, हो, पेटीचाच. मग म्हणाले, पाऊस पडला, आता जातो. आवाज चढवला नाही, टोमणा मारला नाही. मारला असता तर मी भांडलो असतो आणि भांडणात ते राहिलेही असते.

रविवारी मी त्यांना धुळ्याला सोडायला निघालो. आबांसाठी घेतलेल्या गाडीचा तो पहिला लांबचा प्रवास. एरंडोल गेलं, पारोळा गेलं, आबा खिडकीतून कपाशीकडे बघत होते. गाडी बरी पळते, असं ते दोनदा म्हणाले. दुकानामागची खोली आमच्या गॅरेजपेक्षा लहान होती. जोडीदाराने अर्धी भिंत मोकळी करून ठेवली होती आणि तिथं पेटी बरोबर बसली. मी परत आलो, गाडी गॅरेजमध्ये लावली, दार सताड उघडून उतरलो. स्टाफरूममध्ये कोणी विचारलं तर सांगायचो, आबांना धुळ्याशिवाय करमत नाही. हे वाक्य मला छान जमत नव्हतं, पण लोक खोलात जात नाहीत.

थंडी पडली. भरिताचे दिवस आले, बायकोच्या माहेरची माणसं येणार होती आणि गंज हवा होता. कुठल्या कुलरमध्ये, हे तक्त्यावर अर्थातच नव्हतं. आबांना फोन लावला.

“मधला कुलर उघाड,” आबा म्हणाले. “तेना मझार गंज शे, गंजना मझार काठवट.”

मी घाईत बाजूचा, लोखंडी कुलर उघडला. त्याच्या आत डावीकडे खोकी गच्च रचलेली होती, बोट घालायला जागा नव्हती. उजवीकडे मात्र तळापासून एक मोकळा चौकोन होता. इतक्या कंजूष हाताने भरलेल्या कुलरमध्ये एवढी जागा वाया? मी टेप आणला. अडीच फूट लांब, दीड फूट खोल, सव्वा फूट उंच. हे माप मी रोज कप्पीवरून खाली-वर केलं होतं. फोन चालूच होता.

“आबा, लोखंडी कुलरमध्ये जागा कशाला सोडली?”

“जागा व्हती म्हनीसन सोडी दिधी,” ते म्हणाले आणि गंज जपून काढ म्हणाले.

मी शटर ओढून घेतलं आणि गॅरेजमध्ये बसून रडलो. मग वर जाऊन आमचं कपाट उघडलं, ज्यात जागा नव्हती ते. मधल्या खणात माझा लग्नातला सूट होता, ज्याचं बटण लागत नाही. लोकांनी दिलेल्या चादरी होत्या, कागदासकट. शिक्षकदिनाला मिळालेले अकरा पेनसेट होते. शाईविना. बायको दारात येऊन उभी राहिली आणि चादरी उचलू लागली. सगळं खाली गॅरेजच्या माळ्यावर गेलं, कप्पीने ओढून. तक्त्यावर सतरा नंबर खोडून मी तिथं ‘माझा सूट’ असं लिहिलं, हिरव्या पेनाने.

भरिताची माणसं येण्याआधी मी धुळ्याला गेलो. काय बोलायचं ते वाटेत पाठ केलं होतं, पण आबांसमोर उभा राहिल्यावर एवढंच निघालं, “आबा, खण रिकामा केलाय.” त्यांनी माझ्याकडे बघितलं, मग जोडीदाराकडे बघितलं, आणि पायात चपला घातल्या. पेटी मी उचलली.

घरी आल्यावर मी त्यांना कपाट दाखवलं. त्यांनी वितीने खण मोजला, उभा आणि आडवा. धंद्याची सवय. पेटी त्यात बसत नव्हती, एक वीत कमी पडत होती. माझं माप पुन्हा चुकलं होतं. मी काही बोलणार तोच आबा खाली बसले आणि त्यांनी पेटीचं कुलूप काढलं. सदरे ठेवले, धोतरं ठेवली, दाढीचा डबा ठेवला. पंचा उलगडून आईचा फोटो काढला, काच पुसली आणि खणात मागच्या बाजूला उभा केला. पेटी उलटी करून तळ झटकला.

मग ते रिकामी पेटी घेऊन गुडघा सांभाळत जिना उतरले. मी हात लावायला गेलो तर नको म्हणाले. गॅरेजमध्ये त्यांनी लोखंडी कुलरची जाळी काढली, पेटी आत सरकवली आणि जाळी परत लावली. इंचभरही फट राहिली नाही. हात झटकत ते म्हणाले, “चाल, वांगा भाजाना शेतस.”